त्वचेच्या जुनाट आजारावरच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये भाग घेताना: नाव नोंदवण्यापासून शेवटच्या तपासणीपर्यंत

सोरायसिस, एक्झिमा, महिनोन्‌महिने उठत राहणारं पित्त, कोड, चाई, काखेत-जांघेत पुन्हा पुन्हा होणारी गळवं. या आजारांवर गेल्या वीसेक वर्षांत जेवढी नवी औषधं आली, तेवढी त्याआधी कधीच आली नव्हती. ती सगळी क्लिनिकल ट्रायलमधूनच, म्हणजे माणसांवरच्या औषधचाचण्यांमधूनच, पुढे आली, त्यामुळे कधी ना कधी तुमचे त्वचारोगतज्ज्ञ विचारतात, "ट्रायलमध्ये नाव घालायचं का?" त्या प्रश्नावर 'आम्ही काय प्रयोगाचे उंदीर?' असं म्हणून उठून जाणारे असतात, तसे 'महागाचं इंजेक्शन फुकट मिळतंय' म्हणून न वाचता सही करणारेही असतात. दोघांचंही नुकसान होतं.

बहुतेकांना वाटतं, खरी परीक्षा नवं औषध सुरू झाल्यावर. प्रत्यक्षात गाडी अडते ती पहिल्या डोसच्या आधी: जुन्या उपचारांची नोंद नसते, वॉशआउटमध्ये, म्हणजे नव्याआधी जुनी औषधं थांबवण्याच्या काळात, आजार उसळतो, डायरी अर्धवट राहते. म्हणून खाली या टप्प्याला जास्त जागा दिली आहे.

1. ट्रायल कशासाठी असते ते आधी पक्कं करा

नेहमीच्या उपचारात डॉक्टर तुमच्याकडे बघून औषध बदलतात, डोस वाढवतात. ट्रायलमध्ये ते ठरतं प्रोटोकॉल नावाच्या लेखी आराखड्याप्रमाणे. तुम्हाला कोणतं औषध मिळणार, हे बहुतेक वेळा संगणकाने काढलेली चिठ्ठी ठरवते. ट्रायलचा हेतू एका प्रश्नाचं उत्तर काढणं हा असतो. तुम्हाला बरं वाटलं तर उत्तमच, पण त्याची हमी कुणी देऊ शकत नाही, आणि कुणी दिलीच तर तिथून उठा.

टप्पाही विचारून घ्या. पहिल्या टप्प्यात मोजक्या लोकांवर, अनेकदा निरोगी स्वयंसेवकांवर, औषध झेपतं का ते बघतात. दुसऱ्यात डोस ठरतो. तिसऱ्यात शेकडो ते हजारो रुग्णांवर परिणाम आणि सुरक्षितता तपासतात. चौथा टप्पा औषधाला मान्यता मिळाल्यानंतरचा. तिसऱ्या टप्प्यातल्या औषधाबद्दल बरीच माहिती आधीच जमलेली असते, दुसऱ्यात कमी. धोका किती पत्करायचा याचा विचार यावर करा.

2. नोंदणी तपासा

खऱ्या ट्रायलला सार्वजनिक नोंदणी क्रमांक असतो. 2000 सालापासून चालू असलेल्या क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या नोंदवहीत किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या एकत्रित शोधपानावर तो क्रमांक टाकला की उद्देश, प्रवेशाच्या अटी, कालावधी, केंद्रं आणि मोजली जाणारी गोष्ट असं सगळं दिसतं. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली, किंवा चाचणीच्या औषधासाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले, तर पुढे जाऊ नका. सहभागींच्या हक्कांवर आणि सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी आहे का, हेही विचारा. समितीचा संपर्क संमतीपत्रावर छापलेला असायला हवा.

3. कागद आणि वस्तू जमवा

पहिल्या भेटीआधी हे सगळं एका फाइलमध्ये लावा:

- निदान कधी झालं याचा पुरावा. सोरायसिसच्या ट्रायलना साधारण 6 महिन्यांचा, एक्झिमाच्या ट्रायलना 1 वर्षाचा किंवा त्याहून जुना आजार लागतो. बायोप्सी झाली असेल तर तिचा रिपोर्ट.
- आतापर्यंतच्या उपचारांची यादी: औषध, डोस, सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख, थांबवण्याचं कारण.
- इतर आजारांची चालू औषधं. लिथियम, बीटा-ब्लॉकर आणि मलेरियाची काही औषधं सोरायसिस भडकवू शकतात, त्यामुळे रक्तदाबाच्या गोळीचं नावही इथे महत्त्वाचं.
- लसींच्या तारखा.
- जुने रक्ततपासणीचे रिपोर्ट आणि छातीचा एक्स-रे.
- घरातल्या सगळ्या ट्यूब, गोळ्या, तेलं, काढे यांच्या लेबलचे फोटो.

उपचारांच्या यादीत 'थांबवण्याचं कारण' हा रकाना रिकामा ठेवू नका. 'मेथोट्रेक्सेट घेतलं, गुण आला नाही' आणि 'मेथोट्रेक्सेट घेतलं, यकृताचे आकडे वाढले म्हणून बंद केलं' या दोन वाक्यांवरून तुम्ही वेगवेगळ्या ट्रायलसाठी पात्र ठरता. तारीख आठवत नसेल तर औषधाची बिलं शोधा. अंदाजे तारीख लिहावीच लागली तर ती अंदाजे आहे असं स्पष्ट लिहा.

4. संमतीपत्र घरी नेऊन वाचा

ते वीस-तीस पानांचं असू शकतं. जागेवर सही करायची घाई कुणी करत असेल तर तो वाईट संकेत समजा. घरच्यांना दाखवा, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि या प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय सही करू नका:

- प्लासिबो (खऱ्यासारखंच दिसणारं, पण औषध नसलेलं) गट आहे का? प्रमाण किती? 2:1 म्हणजे तिघांपैकी एकाला प्लासिबो.
- मुख्य निष्कर्ष कोणत्या आठवड्यात मोजणार? त्वचेच्या ट्रायलमध्ये तो बहुधा 12 व्या किंवा 16 व्या आठवड्यात असतो.
- त्या आधी आजार असह्य झाला तर कोणतं औषध वापरता येईल?
- प्लासिबो मिळालेल्यांना नंतर खरं औषध मिळतं का, आणि कधी?
- ज्यांना गुण आला त्यांचं औषध मध्येच थांबवून बघणार आहेत का?
- बायोप्सी आहे का? ऐच्छिक की सक्तीची?
- ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार?
- प्रवासखर्च मिळतो का?

यातला पाचवा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. काही ट्रायलमध्ये चांगला गुण आलेल्या रुग्णांची पुन्हा चिठ्ठी काढून त्यातल्या काहींना प्लासिबोवर टाकतात, कारण औषध थांबल्यावर आजार किती दिवसांनी उलटतो हेही शोधायचं असतं. शास्त्राच्या दृष्टीने हे रास्तच आहे, पण ज्याची त्वचा पहिल्यांदाच साफ झाली आहे त्याला हे आधी माहीत नसेल तर फसवल्यासारखं वाटतं.

बायोप्सीत तेवढ्या जागेपुरती भूल देऊन सहसा 4 मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात, एखादा टाका पडतो आणि बारीक व्रण कायमचा राहतो. फोटोंसाठी वेगळी संमती असते. चेहरा, गोंदण किंवा ओळख पटेल अशी खूण दिसणार का ते विचारा. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. सही केल्यावरही कारण न देता कधीही बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

5. स्क्रीनिंग: आकडे कसे काढतात ते समजून घ्या

स्क्रीनिंगला, म्हणजे प्रवेशाआधीच्या पात्रतेच्या तपासणीला, साधारण चार आठवड्यांपर्यंतचा अवधी असतो. रक्त, लघवी, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, क्षयरोगाची चाचणी, स्त्रियांसाठी गर्भधारणा चाचणी. क्षयरोगाचा जंतू शरीरात सुप्त अवस्थेत आहे असं निघालं तर घाबरू नका. अनेक प्रोटोकॉलमध्ये प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्यावर प्रवेश मिळतो. ट्रायल नाही मिळाली तरी ही माहिती तुमच्या उपयोगाची.

त्वचेची तपासणी मात्र गुणांवर चालते. सोरायसिससाठी 1978 पासून वापरात असलेला 'पासी' हा निर्देशांक 0 ते 72 असतो. शरीराचे चार भाग करतात: डोकं, हात, धड, पाय. प्रत्येक भागात लाली, जाडी आणि खपल्या यांना 0 ते 4 गुण, व्याप्तीला 0 ते 6. शेवटी भागाच्या वजनाने गुणतात: डोकं 0.1, हात 0.2, धड 0.3, पाय 0.4. समजा धडावर लाली 3, जाडी 2, खपल्या 3 आणि व्याप्ती 30 ते 49 टक्के, म्हणजे 3 गुण. बेरीज 8, गुणिले 3, गुणिले 0.3, म्हणजे एकट्या धडाचे 7.2.

मध्यम ते तीव्र सोरायसिसच्या ट्रायलमध्ये पासी 12 किंवा जास्त आणि शरीराचा 10 टक्के किंवा जास्त भाग बाधित, अशी अट नेहमी दिसते. तुमचा तळहात बोटांसकट म्हणजे शरीराचा साधारण 1 टक्का, त्यावरून घरीच अंदाज घ्या. आता गंमत बघा. दोन्ही तळहात पूर्ण फुटलेले, रक्त येतंय, कपही धरवत नाही, तरी पासी फार तर 12 × 2 × 0.2 म्हणजे 4.8 भरतो. असा रुग्ण 'सौम्य' ठरून बाहेर जातो. चूक तपासणाऱ्याची नाही, मोजपट्टीच तशी आहे. अशांनी तळहात-तळपायांच्या सोरायसिससाठीच्या वेगळ्या ट्रायल शोधाव्यात.

एक्झिमासाठी 'ईझी' हा निर्देशांक, तोही 0 ते 72. त्यात लाली, सूज, ओरखडे आणि खाजवून जाड झालेली कातडी मोजतात. कोरडेपणा मोजतच नाहीत. प्रवेशाला बहुधा 16 किंवा जास्त लागतो. पित्तासाठी रोजच्या गांधी आणि खाज यांची सात दिवसांची बेरीज, 0 ते 42. चाईसाठी डोक्यावरच्या केस गेलेल्या भागाची टक्केवारी. यांच्या जोडीला जीवनमानाची दहा प्रश्नांची 'डीएलक्यूआय' प्रश्नावली असते, 0 ते 30 गुणांची, आणि ती फक्त मागच्या एका आठवड्याबद्दल विचारते. गेल्या वर्षीचा त्रास आठवून गुण देऊ नका.

सावळ्या त्वचेच्या माणसांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. आपल्याकडे लाली लाल दिसत नाही. जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसते आणि घाईत कमी मोजली जाते. 'इथे बाजूच्या कातडीपेक्षा रंग वेगळा आहे' असं दाखवून द्यायला संकोच नको. उलट बाजूही खरी आहे: आजार गेल्यावर उरणारे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात, पण ते आजाराच्या गुणांत धरत नाहीत. आरशात डाग दिसतात आणि कागदावर मात्र 'पासी 100', म्हणजे पासीच्या गुणांत 100 टक्के सुधारणा, पूर्ण साफ, असं होऊ शकतं.

स्क्रीनिंगमध्ये बाद होणं अगदी नेहमीचं आहे. कारण लिहून घ्या. एखादा रक्ताचा आकडा थोडक्यात चुकला असेल तर पुन्हा तपासणीची सोय असते.

6. वॉशआउट: सगळ्यात अवघड टप्पा

जुन्या औषधाचा असर शरीरात असताना नव्याचं मोजमाप करता येत नाही, म्हणून जुनं थांबवतात. नेहमी दिसणारी मुदत अशी: लावायची स्टिरॉइड आणि इतर औषधी मलमं 1 ते 2 आठवडे, प्रकाशोपचार, मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, पोटातून घेतलेलं स्टिरॉइड 4 आठवडे, बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेली) इंजेक्शनं त्यांच्या अर्धायुष्याच्या, म्हणजे शरीरातलं औषध निम्म्यावर यायला लागणाऱ्या काळाच्या, पाचपट. यातल्या अडॅलिमुमॅबचं अर्धायुष्य साधारण 2 आठवडे, म्हणून 10 आठवडे. सेक्युकिनुमॅबचं सुमारे 27 दिवस, म्हणजे साडेचार महिन्यांच्या आसपास. नेमका आकडा तुमच्या प्रोटोकॉलमध्ये बघा.

इथे काय बिघडतं?

*स्टिरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करणं.* सोरायसिसमध्ये त्यामुळे पूभरल्या पुटकुळ्यांचा किंवा अंगभर लाल होण्याचा गंभीर प्रकार उद्भवू शकतो, आणि दीर्घकाळ गोळ्या घेतलेल्यांच्या अधिवृक्क ग्रंथीही (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या) लगेच काम सुरू करत नाहीत. ट्रायलच्या तारखेसाठी स्वतःच्या मनाने गोळी कधीही थांबवू नका. सायक्लोस्पोरिन थांबवल्यावरही आजार झपाट्याने उसळतो.

*लपलेलं स्टिरॉइड.* 'खाजेचं मलम' म्हणून मिळणाऱ्या अनेक मिश्र ट्यूबमध्ये बुरशीनाशक आणि प्रतिजैविकाबरोबर तीव्र स्टिरॉइड असतं. लेबलवर औषधाचं नाव 'सोल' किंवा 'सोन' अशा अक्षरांनी संपत असेल तर ट्रायल केंद्रातल्या को-ऑर्डिनेटरना विचारा (क्लोट्रिमाझोलसारख्या बुरशीनाशकांची नावंही ऐकायला जवळपास तशीच संपतात, म्हणून स्वतः निष्कर्ष काढू नका). घटकच न छापलेल्या 'नैसर्गिक' मलमांवर तर अजिबात भरवसा ठेवू नये. दम्याचा इन्हेलर किंवा नाकातला स्प्रे बहुधा चालतो, पण नोंद हवीच.

*ऊन.* मुद्दाम अंगावर ऊन घेणं हाही उपचारच ठरतो. वॉशआउटमध्ये ते चालत नाही.

*लपवून लावणं.* खाज सहन होत नाही, रात्री थोडंसं जुनं मलम लावलं, कुणाला सांगितलं नाही. असं घडतं. घडलं तर सांगून टाका. तारीख पुढे ढकलता येते. चुकीच्या आकड्याने सुरू झालेली नोंद नंतर दुरुस्त होत नाही.

परवानगी काय काय आहे ते लेखी घ्या. साधं मॉइश्चरायझर जवळजवळ नेहमी चालतं. काही एक्झिमा ट्रायलमध्ये तर पहिल्या डोसआधी किमान 7 दिवस दिवसातून दोनदा ते लावणं सक्तीचं असतं. फक्त ब्रँड बदलू नका, आणि तपासणीच्या दिवशी सकाळी काही लावायचं की नाही ते विचारा, कारण ताज्या लावलेल्या क्रीममुळे खपल्या दिसत नाहीत. झोप उडवणाऱ्या खाजेसाठी कोणती गोळी चालेल हेही आधीच ठरवून ठेवा. रात्री दोन वाजता ते ठरवता येत नाही.

7. डायरी

खाजेची डायरी फोनवर किंवा दिलेल्या उपकरणावर भरायची असते. प्रश्न साधा असतो: गेल्या 24 तासांतली सगळ्यात जास्त खाज, 0 ते 10. 'सगळ्यात जास्त' विचारलं आहे, सरासरी नव्हे. पहिल्या डोसआधीच्या 7 दिवसांची सरासरी प्रवेशासाठी धरतात आणि त्यातल्या किमान 4 दिवसांची नोंद नसेल तर सरासरी काढतच नाहीत. केवळ एवढ्यावरून बाद होणारे असतात. रोज ठरावीक वेळेचा गजर लावा. सात दिवसांचं एका बैठकीत भरता येत नाही; प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का असतो.

8. चिठ्ठी, प्लासिबो आणि अंदाज बांधण्याचा मोह

प्लासिबो गटातल्या सगळ्यांचा आजार जसाच्या तसा राहतो असं नाही. एक्झिमावरच्या डुपिलुमॅब या इंजेक्शनच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या 'सोलो 1' ट्रायलमध्ये 16 आठवड्यांनी ईझीत 75 टक्के सुधारणा झालेले रुग्ण दर दोन आठवड्यांनी औषध घेणाऱ्या गटात 51 टक्के होते, आणि प्लासिबो गटात 15 टक्के. या आजारांत चढउतार आपोआप होतात, ट्रायलमध्ये लोक नेमाने मॉइश्चरायझर लावतात, आणि सगळ्यात वाईट अवस्थेत प्रवेश घेतलेला माणूस त्यानंतर बहुधा थोडा सुधारतो. मलमाच्या ट्रायलमध्ये प्लासिबो म्हणजे औषधाविना तेच क्रीम, तेही त्वचेला मऊ करतंच. तेव्हा 'मला बरं वाटतंय म्हणजे खरंच औषध मिळालं' हा अंदाज कच्चा आहे.

अंदाज बांधलात तरी तपासणाऱ्यासमोर बोलू नका. ग्रुपवर इतर सहभागींशी लक्षणं पडताळू नका, बाहेरच्या लॅबमध्ये तपासण्या करून घेऊ नका. कुणाला काय मिळतंय हे गुप्त ठेवण्याची पद्धत (तिला 'अंधत्व' म्हणतात) मोडली की तुमची नोंद कमी उपयोगाची होते.

9. औषध वापरताना

इंजेक्शन बहुधा 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात तापमान हलतं, मागच्या भिंतीला चिकटलं तर गोठतं. गोठलेलं इंजेक्शन वितळवून घेऊ नका, फोन करा. घेण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढून ठेवलं की कमी झोंबतं.

मलम मोजायला बोटाच्या पेराचं माप वापरतात: ट्यूबच्या 5 मिलिमीटर तोंडातून तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ते दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. शरीराचा 10 टक्के भाग बाधित असेल तर एका वेळेला अडीच ग्रॅम, दिवसातून दोनदा 5, आठवड्याला 35 ग्रॅम. रिकाम्या ट्यूबही परत न्यायच्या, त्या वजन करून तुम्ही किती वापरलं ते काढतात. फेकलेली ट्यूब ही हरवलेली नोंद असते.

तपासणीच्या तारखेला सहसा थोडेच दिवस मागेपुढे चालतं, नेमके किती ते प्रोटोकॉलमध्ये असतं. लग्नकार्य, परीक्षा, प्रवास यांच्या तारखा सुरुवातीलाच सांगा. आणि मुख्य निष्कर्षाच्या आठवड्याआधी मनाई असलेलं औषध घेतलंत तर तुमची त्वचा कितीही साफ असली तरी हिशोबात 'गुण न आलेला' अशीच नोंद होऊ शकते. याचा अर्थ त्रास सोसत राहा असा नाही. आधी फोन करा, मग औषध घ्या.

10. काही झालं तर

सर्दी, दाताचं दुखणं, पडून लागलेला मार, सगळं कळवा. औषधाशी संबंध आहे की नाही हे ठरवणं तुमचं काम नाही. काही वर्गांचे ठराविक त्रास माहीत असलेले बरे: डुपिलुमॅबमध्ये डोळे येणं, इंटरल्यूकिन-17 हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणाऱ्या औषधांमध्ये तोंडातली बुरशी, जॅक इनहिबिटरमध्ये (जॅक नावाची विकरं रोखणाऱ्या औषधांमध्ये) नागीण आणि मुरमं. ताप, धाप, छातीत दुखणं, पायाला एकाच बाजूने सूज, चेहरा सुजणं यांत वाट बघू नका. थेट रुग्णालयात जा आणि ट्रायलकडून मिळालेलं, पाकिटात ठेवलेलं कार्ड दाखवा. गरज पडली तर तुम्हाला कोणतं औषध मिळतंय हे तातडीने उघडता येतं.

गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर या जिवंत लसी ट्रायलच्या काळात आणि त्याआधी काही आठवडे सहसा चालत नाहीत. गर्भनिरोधनाच्या अटी स्त्री-पुरुष दोघांनीही नीट वाचाव्यात. आधी असिट्रेटिन (सोरायसिसवरची गोळी) घेतलेल्या स्त्रियांना ते थांबवल्यानंतर 3 वर्षं गर्भधारणा टाळावी लागते, ट्रायल असो वा नसो.

11. बाहेर पडताना

शेवटच्या डोसनंतरही सुरक्षिततेसाठी काही आठवड्यांनी एक-दोन भेटी असतात, त्या चुकवू नका. पुढचा उपचार काय असेल हे शेवटच्या भेटीच्या महिनाभर आधी नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून ठेवा. औषध थांबल्यावर आजार परत येण्याची शक्यता असते आणि नव्या औषधाला मान्यता मिळायला वेळ लागतो. मुदतवाढीची ट्रायल असेल तर तिचं संमतीपत्र वेगळं, तेही वाचूनच सही.

निघताना तीन गोष्टी मागून घ्या: तुमच्या सगळ्या रक्ततपासण्यांच्या प्रती, प्रत्येक भेटीतले त्वचेचे गुण, आणि तुम्हाला नेमकं कोणतं औषध मिळालं होतं ते कधी व कसं कळवणार याचं उत्तर. शेवटची माहिती सगळ्यांची ट्रायल संपून आकड्यांची नोंद बंद झाल्यावरच मिळते, त्यामुळे पत्ता किंवा फोन बदलला तर केंद्राला कळवत राहा.